रयत, असामी आणि अन्ना

झाशीचा सीपरी बाजार रेल्वेमार्गाच्या पलीकडे, शिवपुरीच्या रस्त्यावर आहे. सीपरी हे शिवपुरीचेच जुने नाव. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन पडलेल्या मराठी माणसाला या बाजारात पहिले काही दिवस भाषेची अडचण जाणवतच नाही. खरीप, रब्बी, बिघा, आढत, दलाल हे शब्द कानावर पडू लागले की आपण नगरच्या किंवा जळगावच्या पेठेत उभे आहोत असे वाटते. अडचण मागाहून येते. आणि ती अनोळखी शब्दांपायी नव्हे, ओळखीच्या शब्दांपायी येते.

पशुखाद्याच्या एका दुकानापाशी एक शेतकरी दुसऱ्यास सांगत होता की रात्रीतून अन्नांनी हरभरा साफ केला. घरी थोरल्या काकांना अण्णा म्हणत वाढलेला मी क्षणभर चपापलो! बुंदेलखंडात अन्ना म्हणजे मोकाट सोडलेली गुरे. रब्बी निघाली की गुरे दावणीतून सोडायची आणि पाऊस पडेपर्यंत त्यांनी रानभर चरायचे, ही येथली जुनी रीत. उन्हाळ्यात शेते रिकामी असत, पेरणीला बैल लागत आणि म्हणून गुरे परत घरी आणली जात, तोवर या रीतीने कोणाचे फारसे बिघडत नव्हते. ट्रॅक्टर आला, बैलाचे काम संपले, भाकड गाय घरी आणण्याची कोणालाच निकड उरली नाही. आणि हंगामापुरता असलेला अन्ना बारमाही झाला. आता शेतकरी थंडीच्या रात्री माचाणावर जागून काढतो. शब्द तोच राहिला, पण पूर्वी ज्यात एक समजूत होती त्यात आता तक्रार आहे. अशा गुरांना कोंडण्याच्या जागेला आपण कोंडवाडा म्हणतो, इकडे कांजीहौस म्हणतात. दोहोंच्या मागे १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा एकच कायदा आहे.

बाजारातले इतके शब्द सारखे कसे, याचे उत्तर दप्तरात आहे. छत्रसालाने बाजीरावास आपल्या राज्याचा हिस्सा दिला; १७४२ पासून नारो शंकर झाशीचा कारभार पाहू लागले; १७७० च्या सुमारास रघुनाथ हरी नेवाळकर आले, आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत येथे मराठी सत्ता नांदली. परंतु या मंडळींनी येथे नवी महसुली भाषा आणली, असे मात्र समजू नये. दक्षिणेत निजामशाही-आदिलशाहीच्या अमलात आणि उत्तरेत मोगलांच्या अमलात जी फार्शी परिभाषा रुजली होती, तीच दोन्हीकडच्या कारकुनांच्या बोटांत होती. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारच्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. प्रधानांची नावे त्याने बदलली. पण शेतकऱ्याचे खरीप आणि रब्बी जागचे हलले नाहीत. खरीप म्हणजे अरबीत शरद आणि रब्बी म्हणजे वसंत. पिके ज्या ऋतूंत हाती येतात त्यांची ही नावे.

माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश हाताशी ठेवून हे शब्द चाळण्यात मोठी गंमत आहे. रयत या शब्दाच्या मुळाशी चारण्याचा अर्थ आहे: जो चारला जातो, राखला जातो, तो कळप म्हणजे रयत. जिराईत म्हणजे मुळात नुसती शेती. आपण तिला बागाईताच्या समोर उभे केले आणि ती कोरडवाहू झाली. तगाईचे मूळ तकावी, म्हणजे बळ देणे. उत्तरेत तो शब्द तकावीच राहिला. मराठी कानाने त्यात तगणे ऐकले. व्युत्पत्ती चुकली खरी, पण दुष्काळात कर्ज काढणाऱ्या कुणब्याला ती चुकली असे वाटले नसेल.

बिघ्याचेही तसेच. आपल्या बिघ्याचे वीस पांड, इकडच्याचे वीस बिस्वे. वीसाचा हिशेब एक, जमीन मात्र एक नव्हे.

दप्तराचा हात पोचला नाही तो मातीपर्यंत. मार, काबर, पडुआ आणि राकड ही येथल्या जमिनींची चार नावे. त्यांत ना फार्शी, ना मराठी. मार म्हणजे आपली काळी जमीन. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पाय रुतवते, आणि ओल धरून ठेवून गहू-हरभरा पिकवते. राकड म्हणजे उतारावरची खडकाळ बरड. इंग्रजांच्या जमाबंदीलाही वर्गवारी करताना याच नावांचा आश्रय घ्यावा लागला.

माझी स्वतःची फजिती मात्र दप्तरातल्याच शब्दाने झाली. एका कचेरीत जमीन-संपादनाच्या प्रकरणाचा गोषवारा मी तयार करीत होतो. एका शेताच्या मालकासमोर दुसरे एक नाव होते आणि पुढे ‘असामी’ असे लिहिले होते. मराठीत असामी म्हणजे माणूस, पु. लं.च्या १९६४ च्या पुस्तकाने तर तो शब्द घरोघरी नेला. मी ते नाव साक्षीदाराचे किंवा अर्जदाराचे समजून गोषवाऱ्यातून गाळले. वास्तविक असामी हे अरबीत ‘नाव’ या शब्दाचे अनेकवचन. पटावर ज्याचे नाव तो असामी. आपल्याकडे त्या पटातून माणूस बाहेर पडला आणि कोणीही इसम झाला. इकडे तो जमिनीच्या पटावरच राहिला. उत्तर प्रदेशाच्या १९५० च्या जमीनदारी-निर्मूलन कायद्यात असामी हा जमीन धारण करणाऱ्यांचा एक वर्ग आहे. त्याचा हक्क वारसाने चालतो, पण विकता येत नाही. २०१६ मध्ये अमलात आलेल्या महसूल संहितेतही तो वर्ग कायम आहे. म्हणजे मी गाळला तो एक कूळच होता, आणि भरपाई ठरताना त्याचे म्हणणे कोणी ऐकलेच नसते.

चूक लेखपालाच्या ध्यानात आली. वयस्क गृहस्थ, रागावले नाहीत. “बाबूजी, आपके यहाँ असामी किसे कहते हैं?” एवढेच त्यांनी विचारले. मी सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसले, आणि मग नकाशा पसरून त्या माणसाची विहीर, त्याची मेर आणि त्याने लावलेला महुवा मला बोटाने दाखविला. गोषवारा मी त्याच रात्री पुन्हा लिहिला.