गुणांचा धनी कोण?

निजामी अंमलात नांदेडचा वा लातूरचा मराठी मुलगा प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेला, की त्याचे गणित आणि भूगोल उर्दूतून तपासले जात. आणि 1918 साली फर्मानाने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच असल्यामुळे, त्याच्या अपयशात विषयाचे अज्ञान किती आणि भाषेचा अडसर किती, याचा निवाडा निकालपत्रात कधीच होत नसे. विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून करावयाच्या मूल्यमापनाची पहिली अट, म्हणजे त्याची स्वभाषा, तेथे पाळली जात नव्हती.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान मुक्त झाले आणि 1950 साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. इंटरच्या परीक्षेने ज्यांना वारंवार नापास ठरवले, ते नरहर कुरुंदकर प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले आणि पुढे याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. विद्वत्तेचे मोजमाप करण्यात वार्षिक परीक्षा किती अपुरी पडते, याचा याहून सबळ दाखला मराठवाड्यात शोधावा लागणार नाही.

लातूरला 1970 साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले, आणि पुढे ज्याला 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले त्याची घडण तेथे झाली. त्याची कीर्ती गुणवत्ता यादीमुळे पसरली खरी. परंतु त्याचे मर्म त्या यादीत नव्हे, तर सराव परीक्षेची उत्तरपत्रिका तत्परतेने तपासून विद्यार्थ्याच्या हाती परत देण्याच्या, पायरी कोठे चुकली हे त्याला दाखविण्याच्या आणि तोच प्रश्न पुन्हा सोडवून घेण्याच्या शिस्तीत होते. मात्र निवडक मुलांच्या यशासाठी राबविलेली ही शिस्त मागे पडलेल्यांच्या वाट्यास तितक्या आस्थेने आली नाही, ही तिची मोठी उणीव होय.

ही उणीव भरून काढण्याची संधी शिक्षणहक्क कायद्याने दिली. शासनाच्या 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयाने आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. पहिली-दुसरीस निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रकल्प आदींवर आधारलेल्या आकारिक मूल्यमापनाला 70 टक्के भार मिळाला आणि गुणांच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या. या नोंदी सर्व मुलांसाठी एकाच ठराविक वाक्यात उतरविल्या गेल्या, तर त्यांनी केवळ दप्तर भरेल. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गुणांचा खरा धनी विद्यार्थी आहे. त्याची चूक समजावून सांगून त्याला ती सुधारण्याची पुन्हा संधी दिल्याखेरीज आपले मूल्यमापन पुरे झाले असे मानू नका.