पाण्यात पैसा कुणाचा, हिशोब कुणाकडे?

"गुरुवारी पाणी बंद" असा मेसेज आला की आपल्या वारज्यात आधी बादल्या भरतात, मग पालिकेला शिव्या पडतात. मीही त्यातलाच. पण परवा जुन्या नोंदी चाळताना वाटलं, हा प्रश्न आजचा नाही.

पुण्याच्या पाण्यात खासगी पैसा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्यात पाण्यासाठी नदीवर बंधारा झाला, त्याला सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसा दिला. ते दान होतं, परतावा मागत नव्हतं. पुढे नव्वदच्या दशकात पालिकेने पाणी आणि मैलापाण्याचा मोठा प्रकल्प आखला, त्यात खासगी कंपन्यांना घ्यायचं ठरलं. १९९८ मध्ये तो रद्द झाला.

मग जून २०१७. चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी पालिकेने २०० कोटींचे रोखे काढले, व्याज ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षं. मुंबई शेअर बाजारात नोंदणी झाली, मोठा गाजावाजा झाला. पण रोखे म्हणजे कर्जच. ते फेडणार आपणच.

आता खरी गोम. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी. त्यातच पुणे शहर, त्यातच कालव्याखालचे दौंड-इंदापूरचे शेतकरी. शिवणे, उत्तमनगर २०१७ मध्ये पालिकेत आले, कोंढवे-धावडे, कोपरे २०२१ मध्ये. माणसं वाढली, धरणं तीच. वाटा कुणाचा किती, यावर एकत्र बसून बोलणं झालंच नाही तर काय होतं, ते मावळाने दाखवलंय. पिंपरी-चिंचवडसाठी पवनेतून बंद जलवाहिनी टाकायला विरोध झाला आणि ९ ऑगस्ट २०११ ला पोलीस गोळीबारात तीन शेतकरी गेले. काम तिथंच थांबलं.

म्हणजे पैसा कमी पडला म्हणून योजना अडते असं नाही. विश्वास कमी पडला की अडते. पाण्यावर भांडण असेल तिथं गुंतवणूकदार एकतर येत नाही, नाहीतर जास्त व्याज मागतो, आणि ते आपल्या बिलात येतं.

म्हणून शहर, गावं, शेतकरी यांनी आधी एका टेबलावर बसून पाण्याचा वाटा ठरवावा, पैसेवाला नंतर बोलवावा. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की नळाचं नका विचारू. एवढंच विचारा : साहेब, हा पैसा कुणाचा, फेडणार कोण, आणि वाट्याचं पाणी कुणी ठरवलं?