कॅसेटींचा इतिहास

मेळाव्यासाठी शाळेतल्या जुन्या कॅसेटी माझ्याकडे सोपवल्या गेल्या. फिलिप्सने १९६३ साली आणलेली ही कॅसेट. आमच्या शाळेचा बोलका इतिहास तेवढाच. सी-६०ची एक बाजू उतरवायला अर्धा तास लागतोच, तिथे घाई चालत नाही. पुढचं काम मात्र ऑडॅसिटीवर टाकलं. २००० सालापासूनचं हे फुकट सॉफ्टवेअर. त्यातल्या ‘मॅक्रो’ला (२०१८पूर्वी ‘चेन’) पायऱ्या एकदा सांगितल्या की सगळ्या फायली ओळीने पार पडतात: खरखर कमी, आवाज सारखा, एमपी-३ तयार. मी निवांत झोपलो.

सकाळी ऐकतो तर मराठीच्या बाई विहिरीतून बोलल्यासारख्या! खरखरीचा नमुना मी एकाच कॅसेटचा घेतला होता. त्याच मापाने सगळ्यांवर कात्री चालली. पंधरा ऑगस्टच्या त्यांच्या भाषणामागचा पत्र्यावरचा पाऊसही खरखर समजून कापला गेला. बाई आता नाहीत, आणि त्यांचा आवाज एवढाच उरलाय.

मूळ फायली वेगळ्या ठेवण्याची अक्कल नशिबाने सुचली होती. मग आवाजाची पातळी तेवढी मॅक्रोने सारखी केली, खरखर प्रत्येक कॅसेटची वेगळी, हाताने काढली. बाईंच्या फायलीला हात लावला नाही. पेनड्राइव्हवर ती पावसासकट आहे.