वरळीच्या खिंडारातली भरती

मुंबईची सात बेटे फुगत फुगत एकमेकांना चिकटतात आणि एक शहर होते, अशी चलचित्रे पाहायला फार देखणी असतात. संगणक जुन्या किनाऱ्यावरचे बिंदू घेतो, नव्या किनाऱ्यावर त्यांच्या जोड्या लावतो आणि मधल्या वर्षांत प्रत्येक बिंदूला सरळ रेषेत पुढे सरकवतो. पण मधल्या वर्षांचा असा किनारा कधीच नव्हता. अठराव्या शतकात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे आणि बेटांमधल्या सखल जमिनीवर पसरे. ओहोटीला तिथेच चिखल उरे. पायधुनी हे नाव त्याचीच खूण: पाण्याचिखलातून आलेला माणूस तिथे पाय धुऊन पुढे जाई, असे सांगतात. नकाशावर ज्याला सरसकट निळा रंग दिला जातो, ते निम्मा दिवस समुद्र आणि निम्मा दिवस खाजण होते. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, १७८०च्या दशकात, ते खिंडार बांध घालून बुजवले, आणि पश्चिमेच्या टोकाला घातलेल्या एका अरुंद रेषेने पार आतल्या जमिनीचे नशीब पालटले. पुढे भराव पडत गेला, कामाठीपुऱ्यासारखी वस्ती त्याच जमिनीवर उभी राहिली. म्हणजे इथे बेटे बाहेरच्या बाजूने वाढली नाहीत, त्यांच्यामधली पोकळी आटली.

यावर कोणी म्हणेल, दोन नकाशे शेजारी ठेवले तर नजरेला बदल सापडत नाही, आकार हलला की लगेच सापडतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच काळजी घ्यायला हवी, कारण हलत्या रेषेवर डोळा चटकन विश्वास ठेवतो. जिथे गाळ साचून किनारा वर्षानुवर्षे सरकला, तिथे हे तंत्र चपखल बसते. मुंबईत मात्र १८३८चा कुलाब्याचा रस्ता आणि १८४५चा माहीमचा रस्ता आधी पाण्यावर ओढलेल्या रेघा होत्या, दोन्ही बाजूंना पाणी तसेच होते. चलचित्रातही अशी रेघ आधी उमटवून जमीन मागाहून भरता येते. त्यासाठी फक्त मधले टप्पे हाताने काढावे लागतात. बॅक बे या मुंबईच्या उपसागराचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला, त्या पैशावर समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. त्या वर्षापुढे बराच काळ तिथला किनारा पडद्यावर थांबलेलाच दिसायला हवा, कितीही कंटाळवाणे वाटले तरी.