जंबूवृक्ष

(जंबू, सुदर्शन). पौराणिक भूवर्णनातील कल्पित फळझाड. जंबुद्वीपाचे नाव या झाडावरून पडले, असे महाभारत व विष्णुपुराण सांगतात. पूजेच्या संकल्पात उच्चारले जाते ते हेच द्वीप.

स्थान : विष्णुपुराणात मेरूच्या दक्षिणेचा गंधमादन पर्वत, भागवतात मेरुमंदर, भीष्मपर्वात नील व निषध या पर्वतांच्या मधला प्रदेश. उंची १,१०० योजने. खोड व पाने यांचे वर्णन त्रोटक.

फळ : पुराणांत हत्तीएवढे. भीष्मपर्वात फळाचा घेर २,५०० अरत्नी दिला आहे. अरत्नी सुमारे दीड फुटाची धरल्यास तो एक किलोमीटरच्या वर जातो. हत्तीशी त्याचा मेळ बसत नाही. पिकलेले फळ खाली पडून फुटते आणि रसाची जंबूनदी वाहू लागते. महाभारतात हा रस रुपेरी आहे. हे जांभळाच्या रसाचे वर्णन खचितच नव्हे. काही अभ्यासक ‘जंबू’ म्हणजे जांभूळ (सिझिजियम क्युमिनी) मानतात, तर इंग्रजी भाषांतरकारांनी बहुधा जांब घेतला आहे.

भागवतकारांनी फळाला बी जवळजवळ नसते, असे म्हटले आहे. हा तपशील फळबागेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. साध्या जांभळात एकुलते एक बी बरीच जागा अडवते. बहाडोली (जि. पालघर) येथील भौगोलिक मानांकन मिळालेल्या जांभळाचे कौतुक होते तेही टपोऱ्या फळासाठी आणि भरपूर गरासाठी. जांभळाच्या एका बीतून पुष्कळदा एकाहून अधिक रोपे उगवतात. जंबूवृक्षाची अभिवृद्धी कशी होते, याबद्दल मात्र पुराणे मौन पाळतात. वृक्ष ‘सनातन’ असल्याने रोपांची गरज पडत नसावी.

उपयोग : रस प्यायल्याने घाम, दुर्गंधी, जरा व इंद्रियक्षय टळतो (विष्णुपुराण). रसाने भिजलेली काठची माती वाऱ्याने सुकून जांबूनद सोने बनते. महाभारताच्या काही पाठांत त्याचा रंग इंद्रगोपासारखा, म्हणजे मृगाच्या किड्यासारखा लाल सांगितला आहे. जांभळे पिकण्याचा हंगामही मृगाच्या आसपासचाच.

जैन परंपरा : वृक्ष उत्तरकुरूत असून पृथ्वीकायिक आहे; म्हणजे तो वनस्पती नव्हेच. त्याभोवती लाखाहून अधिक परिवारवृक्ष सांगितले आहेत. हस्तिनापूर (उत्तर प्रदेश) येथे जंबुद्वीपाची भव्य प्रतिकृती आहे.

लागवड : नाही.