बंड आणि कौल

मराठी राज्यव्यवहारात ‘कौल’ हा शब्द दोन अर्थांनी वावरत आला आहे. देवाने दिलेला कौल हा एक. आणि सरकारने दिलेला कौल हा दुसरा. ओस पडलेल्या गावात रयतेने परत यावे म्हणून, वेढ्यात सापडलेल्या शिबंदीने गडाचे दार उघडावे म्हणून, किंवा रानात गेलेल्या बंडखोराने खाली उतरावे म्हणून सत्तेने दिलेले अभयवचन म्हणजे हा दुसरा कौल. बंडखोरांच्या कथा सांगणारे शाहीर आणि कादंबरीकार दरोड्याचा, पाठलागाचा, सुटकेचा प्रसंग रंगवून सांगतात. श्रोतेही त्यासाठीच जमतात. परंतु या कथांचा खरा पेच दरोड्यात नसतो. तो कौलाच्या क्षणी असतो. अभय मिळाले तर बंडखोराने ते घ्यावे काय, आणि घेतल्यावर ज्या गाऱ्हाण्यापायी तो घराबाहेर पडला त्या गाऱ्हाण्याचे काय होते, हा प्रश्न चीनपासून छत्तीसगढपर्यंत पुनःपुन्हा विचारला गेला आहे.

भिलाईच्या पोलादनगरीतील सेक्टर १० सारख्या वस्तीत उभे राहिले तर हा प्रश्न फार दूरचा वाटेल. आखीव रस्ते, सारख्या बांधणीची घरे आणि नावांऐवजी क्रमांक धारण करणारे विभाग, अशी ही नगरी. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे नांदू लागली. क्रमांकाला भूतकाळ नसतो. परंतु या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज ज्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येत आले, तेथील खाणकामगारांनीच १९७९ मध्ये एका विसरल्या गेलेल्या ‘दरोडेखोरा’चा स्मृतिदिन पाळावयास आरंभ केला. सोनाखानचा जमीनदार नारायणसिंह हे त्याचे नाव. त्याची कथा समजून घेण्यासाठी प्रथम या जातीच्या कथांपैकी सर्वांत विस्तृत कथेकडे वळणे उपयुक्त ठरेल.

‘शुई हू च्वान’, म्हणजे पाणथळीच्या काठची कथा, ही चिनी साहित्यातील अभिजात कादंबऱ्यांपैकी एक. शि नायआन आणि लुओ ग्वानचुंग या दोघांच्या नावांवर ती सांगितली जाते. तिच्या मुळाशी इतिहासाचा कण आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी सुंग राजवंशाच्या सम्राट हुइत्सुंगच्या काळात सुंग ज्यांग नावाचा एक पुंड छत्तीस साथीदारांसह धुमाकूळ घालीत होता आणि ११२१ च्या सुमारास तो सरकारला शरण गेला, एवढीच नोंद दरबारी इतिहासात आढळते. पुढे नगरांच्या बाजारपेठांत बसणाऱ्या कथेकऱ्यांनी या कणाभोवती गोष्टी गुंफल्या. छत्तिसांचे एकशे आठ झाले: छत्तीस स्वर्गीय तारे आणि बहात्तर पार्थिव तारे. शांतुंग प्रांतातील ल्यांगशान या डोंगराभोवती पसरलेल्या दलदलीत त्यांचा तळ पडला. शतकानुशतके तोंडी चाललेली ही सामग्री पुढे कादंबरीच्या रूपात स्थिरावली. तिच्या उपलब्ध असलेल्या महत्त्वाच्या छापील आवृत्त्या सोळाव्या-सतराव्या शतकांतील आहेत.

या कादंबरीतील वीर जन्मतः दरोडेखोर नाहीत. लिन चुंग हा राजधानीतील फौजेचा शस्त्रशिक्षक. काओ च्यू या सर्वशक्तिमान अधिकाऱ्याच्या दत्तक पुत्राची नजर त्याच्या पत्नीवर पडते आणि कपटाने लिन चुंगला हद्दपारीची शिक्षा होते. वाटेतच त्याला ठार मारण्याचा डाव रचला जातो. शेवटी बर्फाच्या वादळात तो ल्यांगशानची वाट धरतो. ‘ल्यांगशानवर जाणे भाग पडले’ अशा अर्थाचा वाक्प्रचार चिनी भाषेत आजही रूढ आहे. सुंग ज्यांग तर कचेरीतील कारकून. या मंडळींच्या निशाणावर ‘स्वर्गाच्या वतीने न्याय’ असे शब्द आहेत. अर्थात हा न्याय निर्मळ नाही. परशू घेऊन धावणारा ली क्वेइ दोषी आणि निर्दोष यांत भेद करीत नाही. वाटसरूंना गुंगी देऊन त्यांचे मांस विकणारी खाणावळही याच कथेत आहे. कादंबरीने हे लपविलेले नाही आणि म्हणूनच ती केवळ स्तुतिपाठ होत नाही.

परंतु तिचा सर्वांत कठीण भाग पुढे येतो. सुंग ज्यांगच्या मनात एकच आस आहे: सम्राटाचा कौल. बंधुत्वाच्या शपथेचा सभामंडप त्याच्या हाती येताच तो त्याच्या नावात ‘निष्ठा’ हा शब्द घालतो. ली क्वेइसारखे साथीदार चिडतात, पण कौल मिळतो. त्यानंतर हेच बंडखोर सम्राटाचे सैनिक होऊन दक्षिणेतील फांग ला या दुसऱ्या बंडखोरावर चालून जातात आणि त्या मोहिमेत त्यांच्यापैकी बहुतेक जण मरतात. उरलेल्या सुंग ज्यांगला दरबारातून आलेल्या मद्यातून विष दिले जाते. आपल्यामागे ली क्वेइ बंड करील आणि निष्ठेला डाग लागेल, या भयाने मरण्यापूर्वी तो त्यालाही तेच मद्य पाजतो. ज्या काओ च्यूमुळे लिन चुंग रानात गेला, तो मात्र सम्राटाजवळ जागच्या जागी राहतो.

हा शेवट पचविणे पुढील पिढ्यांना जड गेले. १६४१ च्या सुमारास जिन शंगथान या टीकाकाराने कादंबरीचा हा उत्तरार्धच कापून टाकला. त्याच्या सत्तर अध्यायांच्या आवृत्तीत शरणागती नाही. एकशे आठ वीर एकत्र जमतात आणि त्यांच्या शिरच्छेदाचे दुःस्वप्न पडून कथा थांबते. बंडखोरांना कौल मिळणे हेच त्याला अयोग्य वाटत होते. वाचकांनी मात्र ती आवृत्ती वेगळ्याच कारणासाठी डोक्यावर घेतली: तिच्यात आपले वीर अपराजित राहतात. पुढे १९७५ मध्ये माओ त्से-तुंग यांनी या कादंबरीकडे शरणागतीचा धडा म्हणून पाहावे असे मत मांडले आणि चीनमध्ये तिच्यावर टीकेची मोहीमच उघडली गेली. एका शेवटाभोवती इतके वाद झाले, यावरून तो शेवट कोठे झोंबतो हे कळते.

मराठी मुलखाला सुंग ज्यांगची ही कोंडी अपरिचित नाही. पुरंदर तालुक्यातील भिवडीचा उमाजी नाईक हा किल्ल्याच्या राखणीचे काम करणाऱ्या रामोशी समाजातला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. किल्ल्यांवरील चौकीपहाऱ्यासारखी परंपरागत कामे आणि त्यांवरील हक्क कंपनी सरकारने काढून घेतले. ज्यांचे काम चोरापासून रक्षण करणे हे होते, त्यांनाच सरकारी दप्तराने चोरांच्या यादीत बसविले. उमाजीने बंड केले. त्याला पकडणे अवघड झाले तेव्हा सरकारने कौल देऊन त्याला आपल्याच बंदोबस्ताच्या कामावर नेमले. काही काळ तो सरकारी चाकर होता. परंतु हा कौल टिकला नाही. तो पुन्हा डोंगरात गेला, १८३१ च्या डिसेंबरात पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी देण्यात आले. सुंग ज्यांग निष्ठेने मेला, उमाजी निष्ठा मोडून. परंतु दोघांनाही कौलात काय मिळाले याचे उत्तर एकच आहे. जिवाला अभय आणि हाताला चाकरी मिळाली; गाऱ्हाणे होते तेथेच राहिले.

उमाजीची माहिती बऱ्याच अंशी आपल्यापर्यंत आली ती त्याच्यावरील मोहिमेतल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या अधिकाऱ्याच्या, रामोशी लोकांवरील १८३३ च्या इंग्रजी ग्रंथातून. पाठलाग करणाऱ्यानेच चरित्र लिहावे, हा बंडखोरांच्या इतिहासातील नेहमीचा योग. ल्यांगशानच्या वीरांना बाजारातले कथेकरी मिळाले. उमाजीच्या वाट्याला प्रथम लष्करी अधिकाऱ्याची लेखणी आली.

सोनाखानच्या नारायणसिंहाची गोष्ट याहून निराळ्या वळणाने जाते. महानदीच्या खोऱ्यातील, आजच्या बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात येणारी ही जमीनदारी बिंझवार आदिवासी घराण्याची. मराठी वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला राज्य करू लागले, तेव्हापासून छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १८१८ नंतर काही वर्षे तो ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालला आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केल्यावर तो पूर्णपणे कंपनीकडे गेला. म्हणजे पुरंदरच्या डोंगरात मराठी माणूस बंडखोर होता. सोनाखानच्या रानात मात्र तो दीर्घकाळ सरकार होता. कर वसूल करणारे दप्तर कोणत्या भाषेत आहे, यावरून रानातल्या माणसाचा न्याय बदलत नाही.

१८५६ मध्ये दुष्काळ पडला. कसडोल येथील एका व्यापाऱ्याची कोठारे धान्याने भरलेली होती आणि गावे उपाशी होती. नारायणसिंहाने कोठार फोडून धान्य लोकांना वाटले. येथवर ही कथा कोणत्याही लोककथेसारखी आहे. तिचे वेगळेपण पुढच्या कृतीत आहे: आपण काय केले आणि का केले, हे त्याने रायपूरच्या डेप्युटी कमिशनरला स्वतःहून लिहून कळविले. दरोडेखोर आपल्या दरोड्याची वर्दी देत नसतो. धान्य पडून असताना माणसांनी मरावे काय, हा प्रश्न त्याने सरकारपुढे प्रश्न म्हणूनच ठेवला होता. सरकारने त्याचे उत्तर दिले नाही. चोरी आणि दरोड्याचा आरोप ठेवून त्याला ऑक्टोबर १८५६ मध्ये अटक केली.

१८५७ च्या ऑगस्टमध्ये तो रायपूरच्या तुरुंगातून निसटला आणि सोनाखानला पोहोचून त्याने सुमारे पाचशे माणसांची फौज उभी केली. स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या तुकडीने सोनाखानवर चाल केली. शेजारच्या देवरीचा जमीनदार, जो नात्यातलाच होता, इंग्रजांना मिळाला. गावाला आग लावण्यात आली. रयतेचा आणखी नाश होऊ नये म्हणून नारायणसिंह शरण आला आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्याला फाशी झाली. येथे कौल नव्हता. तो अभय मागत आला नाही. दुसऱ्यांना अभय मिळावे म्हणून स्वतःचा जीव घेऊन आला. लोकस्मृतीला ही फाशी अपुरी वाटली असावी. तिने त्याला तोफेच्या तोंडी दिले. १९८७ मध्ये निघालेल्या टपाल तिकिटावरही तो तोफेसमोर बांधलेलाच दिसतो.

शरण येण्याचा हाच अर्थ मराठीत अण्णाभाऊ साठे यांनी ‘फकिरा’मध्ये ओळखला. ही कादंबरी १९५९ मध्ये, म्हणजे भिलाईची पहिली भट्टी पेटली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. वाटेगावच्या मांगवाड्यातील फकिरा हा अण्णाभाऊंच्या घरात सांगितल्या जाणाऱ्या आठवणींतला माणूस. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरविण्याची पद्धत सुरू केली होती. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु त्याचा डाग त्या समाजांवर पुढेही राहिला. अशा समाजातील नायक दुष्काळात धान्य लुटून आपल्या माणसांना जगवतो, सरकारी खजिना लुटतो आणि आपली बायकामुले ओलीस धरली गेली आहेत हे कळल्यावर स्वतः सत्तेच्या स्वाधीन होतो. सोनाखानचा वृत्तान्त अण्णाभाऊंना ठाऊक होता असे मानण्याची आवश्यकता नाही. ज्याच्यामागे गाव आहे त्याला गावावरूनच पकडता येते, हे सत्य दोन्ही ठिकाणी सारखे आहे. एवढे मात्र खरे की या वेळी चरित्र पाठलाग करणाऱ्याने नव्हे, त्याच वस्तीतल्या लेखकाने लिहिले.

नारायणसिंहाला असा कादंबरीकार लाभला नाही. त्याला खाणकामगार लाभले. १९७७ मध्ये दल्ली-राजहरा येथे शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. मजुरीच्या लढ्याबरोबरच या कामगारांनी आपल्या प्रदेशाचा इतिहासही शोधावयास घेतला आणि नारायणसिंहाला आपला पूर्वज मानले. त्यांच्या लेखी त्याचे महत्त्व इंग्रजांशी लढल्यामुळे होते तसे कोठार फोडल्यामुळेही होते. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची भिलाईतील राहत्या घरी हत्या झाली. सेक्टरांच्या क्रमांकांनी पुसलेला भूतकाळ त्या दिवशी भिलाईच्या दाराशी येऊन उभा राहिला.

आता नारायणसिंहाचे नाव सर्वत्र आहे. नवा रायपूरच्या भव्य क्रिकेट मैदानाला ते दिले गेले आहे. शासनाचे पुरस्कार आणि समारंभ त्याच्या नावाने होतात. उमाजी आणि फकिरा यांनाही असाच मान मिळू लागला आहे. ज्यांना एकेकाळी दरोडेखोर म्हटले गेले त्यांना हुतात्मा म्हणणे हा न्यायच होय, आणि तो उशिरा का होईना झाला हे बरे झाले. परंतु सुंग ज्यांगची कथा आठवणाऱ्याला येथे एक शंका चाटून जाईल. हा मरणोत्तर कौल तर नव्हे? सभामंडपाच्या नावात ‘निष्ठा’ हा शब्द चढला तसे बंडखोराच्या नावामागे ‘वीर’ हे बिरुद चढते, आणि तो सम्राटाच्या फौजेत दाखल होतो.

कौल माणसाला मिळतो. गाऱ्हाण्याला मिळत नाही. ल्यांगशान, पुरंदर आणि सोनाखान यांच्या कथा एकत्र ठेवल्या म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. सत्ता बंडखोराला फाशी देऊ शकते, चाकरी देऊ शकते, पुतळाही देऊ शकते. परंतु १८५६ मध्ये सोनाखानच्या जमीनदाराने डेप्युटी कमिशनरला जे लिहून कळविले, त्यात त्याने स्वतःसाठी काहीच मागितले नव्हते. कोठारात धान्य आहे आणि गाव उपाशी आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाला त्या पत्राचे उत्तर देणे भाग आहे.