फांगणेच्या आजीबाई आणि आपल्या मुली

मुरबाड तालुक्याच्या शैक्षणिक इतिहासात ८ मार्च २०१६ या दिवसाची नोंद व्हायला हवी. त्या दिवशी फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची कल्पना, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत आणि गावाची साथ. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन साठी ओलांडलेल्या विद्यार्थिनी पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. अंगठा उठवणारे हात सही करू लागले.

कौतुक खूप झाले. मला मात्र वाटते, या आजी लहानपणी शाळेबाहेर का राहिल्या, हेही विचारावे. पाणी, सरपण, धाकटी भावंडे, भातलावणी आणि लवकर लग्न. आमच्या वर्गातल्या मुलीही याच कारणांनी गळत गेल्या. शेजारच्या शहापुरातील तानसा, भातसा ही धरणे मुंबईला पाणी पुरवतात, पण तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंडा बायका-मुलींच्याच डोक्यावर असतो. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत एसटी पासाने अनेकींची हायस्कूलची वाट सोपी केली. मात्र जिथे गाडीच जात नाही, तिथे पास काय कामाचा? शाळेत पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह नसेल, तर पाळीच्या दिवसांत मुलगी घरीच बसते. म्हणून शिक्षण आणि आरोग्य वेगळे काढता येत नाही.

मेळाव्याच्या शिल्लक निधीतून आपण मुलींसाठी स्वच्छतागृह आणि लांबून येणाऱ्या मुलींना सायकली द्याव्यात, अशी माझी सूचना आहे. आज शिकणाऱ्या मुलींवर साठीत पाटी धरण्याची वेळ येऊ नये.